मर्लमावशीचं 'हं'

शनिवारी सकाळी मर्लमावशीने निखाऱ्यावर भाजलेली डॅम्पर नावाची जाड रोटी फडक्यात बांधली आणि ती भाची जोलीनच्या गाडीत बसली. ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठच्या क्लबात पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेची सभा होती. तिथे खायला मिळतं, असं जोलीनने सांगूनही ती ऐकेना.

जोलीन स्वतः संघटनेची सभासद होती. खाणवाले येत्या गुरुवारी लाल कड्याखालची गुहा सुरुंगाने उडवणार होते. मावशीच्या आजीच्या आजीने बिया दळल्या तो दगड अजून त्या गुहेत होता. संघटनेचे अध्यक्ष वॉरिक यांनीच खाणीसाठी अहवाल लिहिला होता: 'आदिवासी ज्येष्ठांशी बोललो. हरकत नाही.' मंत्र्यांनी त्यावरच परवानगी दिली.

"मावशी, तू हो म्हणालीस त्यांना?"

"छे गं! तो बोलत होता, मी 'हं, हं' करत होते. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणू नये, हे तुझ्या आईने शिकवलं नाही वाटतं?"

जोलीनला हसावं की रडावं कळेना. 'हं' म्हणजे ऐकतेय, होकार नव्हे, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. तीस वर्षं या लोकांत ऊठबस केलेल्या माणसाला ते कळू नये? की सोयीचं तेवढंच त्याने ऐकलं?

सभेत तिने ठराव मांडला: ही संमती खरी नव्हती, हे संघटनेने मंत्र्यांना आजच कळवावं.

"जोलीन, आपण शास्त्रज्ञ," वॉरिक समजावणीच्या सुरात म्हणाले. "संघटनेला राजकारणात ओढू नकोस."

"सर, तुमचा अहवाल मंत्र्यांनी भर विधानसभेत वाचला. ते राजकारण नव्हतं?"

निम्म्याअधिक सभासदांचं पोट खाणींच्या कामावर होतं. ठराव पुढच्या वर्षावर ढकलला गेला.

वॉरिक मावशीकडे वळले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. चालेल ना, मावशी?"

जोलीनने डोळे मिटले. आता 'हं' येणार होतं.

"नाही," मावशी म्हणाली. ती उभी राहिली होती. "माझं 'हं' लिहिलंत ना? आता हेही लिहा."

टिपणं घेणाऱ्या चिटणीसबाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

जोलीनने तेच पेन उचललं, वही ओढली, मावशीचा शब्द लिहिला, खाली सही केली. मग तिने वही पहिल्या रांगेपुढे धरली.

"बोला, याखाली सही कोण करतंय?"