दुपारी तीनचं गाणं

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी माझ्या धाकट्या बहिणीवर जळते. आजची गोष्ट नाही, ती चौथीत होती तेव्हापासून जळते. जग तिला मॅडम म्हणतं, गावोगावच्या भिंतींवर तिचा चेहरा लावतं, आणि मी तिच्या मागे, डावीकडच्या तीन कोरसवाल्यांत पहिली, काळा ड्रेस घालून ‘आ आ’ करते. काळा अशासाठी, की आम्ही कुणाला दिसू नये.

आईने आम्हा दोघींना एकाच पेटीवर शिकवलं. माझा गळा जास्त तयार होता, हे आई स्वतः म्हणायची. पण समोर चार माणसं बसली की माझा घसा कोरडा ठणठणीत. धाकटीचं उलटं, चार माणसं दिसली की तिला चेव यायचा. झालं, निकाल तिथेच लागला. आता माझी पन्नाशी उलटली आणि मी तिच्यामागे उभी राहून अठरा वर्षं झाली.

तरी एक गोष्ट माझी होती. या दौऱ्यात तीन आठवड्यांत एकोणीस गावं आहेत, आणि प्रत्येक गावात दुपारी तीन वाजता साउंड चेक असतो. मॅडम संध्याकाळपर्यंत गळा जपतात, बोलायचं तेही चिठ्ठीवर लिहून. मग माइक लावायचा कुणाच्या आवाजावर? माझ्या. साउंडवाला म्हणतो, दोघींच्या आवाजात एकोणीस-वीसचा फरक. त्याच्या मशीनवर एका बटणाखाली पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, तीवर ‘मॅडम’ लिहिलंय, आणि त्या बटणाचे आकडे माझ्या गळ्यावर ठरतात.

मी स्टेजवरच्या चिकटपट्टीच्या फुलीवर उभी राहते आणि गाते. नुसतं ‘चेक, वन, टू’ नाही, कार्यक्रमातलं शेवटचं संथ गाणं पूर्ण गाते. दुसऱ्या कडव्यात ते वर चढतं, तिथे तर मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. समोर दोन हजार रिकाम्या खुर्च्या. खुर्च्या नावं ठेवत नाहीत. त्या अर्ध्या तासावर मी उरलेले साडेतेवीस तास काढते.

बाराव्या गावात मॅनेजर नाश्त्याला माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “आजपासून साउंड चेकला नवी गाईल. मॅडमनी सांगितलंय.”

नवी म्हणजे आमच्या ओळीतली तिसरी. येऊन दोन महिने झालेले, वय बावीस. कानामागून आली आणि तिखट झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर ती लिफ्टपाशी गाठून म्हणते, “मावशी, मी मागितलं नव्हतं हो.” मावशी म्हणे. अठरा वर्षांत मला कुणी मावशी म्हटलं नव्हतं.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “अगं, रिकाम्या खुर्च्यांसाठी कसली भांडतेस?” त्याला काय सांगणार, कप्पाळ. फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी मजा झाली. नवीचा आवाज बारीक, त्यामुळे साउंडवाल्याने बटण वर चढवून ठेवलेलं. धाकटीने पहिलाच सूर भरगच्च लावला आणि स्पीकर असे किंचाळले की पुढच्या रांगेने कानांवर हात ठेवले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, ‘आ आ’ करता करता मी गालात हसत होते. म्हटलं, आता येईल निरोप. उद्यापासून परत तूच गा म्हणून.

निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मॅडम स्वतः फुलीवर उभ्या. तिसऱ्या दिवशीही. पंधराव्या गावापर्यंत तिचा आवाज बसायला लागला, वरचा सूर खरखरायला लागला, तरी बाईसाहेब रोज दुपारी हजर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवीचं काही नव्हतंच यात. ही स्वतःचा गळा फाडून घेईल, पण मला गाऊ देणार नाही.

मी सरळ तिच्या मेकअपच्या खोलीत गेले. ती डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत बसली होती.

“माझं काय चुकलं?” मी विचारलं.

टॉवेलखालून हात आला, चिठ्ठीवर लिहिलं, ‘काही नाही.’

मी चिठ्ठी फाडली. “तोंडाने बोल. मी तुझी मॅनेजर नाही.”

तिने टॉवेल काढला. तोंड लाल, घामाने थबथबलेलं, केस कपाळाला चिकटलेले. अशी ती पोस्टरवर कधी दिसत नाही.

“अकराव्या गावात मी लवकर आले होते, ताई,” ती म्हणाली. “मागच्या दारात उभी होते. तू ते शेवटचं गाणं गात होतीस.”

“मग? रोजच गाते.”

“खुर्च्या पुसणारी बाई फडकं मांडीवर ठेवून बसून राहिली होती. माझ्यासमोर बसतात ते तिकीट काढून आलेले असतात. ते बसणारच. त्या बाईला काम पडलं होतं, तरी बसली.” तिने टॉवेलने तोंड पुसलं. “त्या दिवसापासून दुसरं कडवं आलं की मला तू ऐकू येतेस. मग माझा सूर लागत नाही.”

मला तिची दया यायला हवी होती. पाठची बहीण आहे, तिची वेणी मी घातलीय. पण नाही आली दया. उलट इतकी वर्षं पोटात दुखत होतं ते एकदम थांबल्यासारखं झालं. जिला मी पाण्यात पाहत होते, ती मला पाण्यात पाहत होती. मला नाचावंसं वाटलं.

“आज तू गा,” ती म्हणाली. “मी समोर बसून ऐकते. खरंच त्या दिवशी ऐकलं तसं असेल, तर तू घरी जा, ताई. दौऱ्यात तू असताना मला गाता येणार नाही. रागावू नकोस.”

“आणि तसं नसेल तर?”

“तर दुपार तुझी. मला काय, हौस आहे घसा फोडून घ्यायची?”

तीन वाजता ती पाचव्या रांगेत एकटी बसली, गळ्याभोवती शाल गुंडाळून. साउंडवाल्याने अंगठा दाखवला. मी फुलीवर उभी राहिले.

आयुष्यात पहिल्यांदा माणसासमोर घसा कोरडा पडला नाही, हे सांगून ठेवते. समोर माणूस बसलेलं, आणि तेही हे, जिच्यासमोर मी घरातसुद्धा गुणगुणत नाही. तरी आवाज मळलेल्या कणकेसारखा हाताशी होता, म्हणेन तसा वळत होता. पहिलं कडवं असं गायले की माझं मलाच नवल वाटलं. धाकटीने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिचं तोंड उतरलं होतं.

दोन कडव्यांच्या मध्ये नुसत्या म्युझिकचा तुकडा आहे, अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यात मी ठरवलं. मोठं मन वगैरे काही नाही, कुणी तसं समजू नये. मला घरी जायचं नव्हतं. मला उद्याची दुपार हवी होती.

दुसरं कडवं मी तिच्यासारखं गायले. ती श्वास घेते तिथे श्वास, ती हुंदका देते तिथे हुंदका. चढाच्या जागी ती सूर अर्धा सोडते आणि माइक लोकांकडे धरते, तसा मीही सोडला. अठरा वर्षं पाठीमागे उभी आहे, तिची नक्कल माझ्याइतकी कोण करणार? साउंडवाल्याने मशीनवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

गाणं संपलं तेव्हा धाकटीचे हात मांडीवर होते. ती भरभर स्टेजवर आली आणि तिने मला मिठी मारली, किती वर्षांनी कोण जाणे. तिच्या अंगाला वाफेच्या औषधाचा वास येत होता.

“दमले होते गं मी,” ती म्हणाली. “त्या दिवशी उगाच मला काहीतरी वाटलं.”

“तसंच असणार,” मी म्हटलं.

“उद्यापासून तूच गा दुपारी.”

“बरं.”

ती हसत पायऱ्या उतरली. अर्ध्यावर थांबून मागे वळली, चेहरा पुन्हा पोस्टरवरचा.

“ताई, त्या चढाच्या जागी तू जरा कमी पडतेस,” ती म्हणाली. “सवडीने माझ्याकडून बसवून घे एकदा.”

“घेते,” मी म्हटलं.