काठातल्या चाळीस सळया

पाच वर्षं कोकणच्या खाडीत कांदळवनं लावून महारुद्र परभणीला आला, तो साहेब होऊनच. ताडकळसच्या पुढं गोदावरीचा ढासळता काठ सावरायचं काम त्याच्याकडं. काठावर बांबू लावला, वाळ्याचं गवत लावलं, आन् काठाच्या भिंतीत चाळीस सळया आडव्या ठोकल्या. टोकांना लाल रंग दिला. माती झडली की सळई बाहेर दिसणार. जितकी बाहेर, तितका काठ गेला.

तीन महिने एकबी सळई बोटभर बाहेर दिसली न्हाई. त्यानं रिपोर्टात लिहिलं, काठ स्थिर. काठावर आखाड्यात, शेतातल्या घरात, राहणाऱ्या सरजाबाईलाही सांगितलं, "मावशी, गावात कशाला जाता? ऱ्हावा बिनघोर."

आज दुपारी निरोप आला. वरच्या धरणातून पाणी सोडलंय, दिवस मावळायच्या आत पोचंल. एरवी तो वरूनच नजर टाकायचा; आज शेवटचं माप घ्यायला खाली उतरला आन् पहिल्याच सळईपाशी थबकला. रंग उडालेला. टोक चेपून चकचकीत झालेलं. दुसरी तशीच. तिसरीबी.

"लिंबाजीमामा, सळयांना कुणी हात लावला?"

राखणदार लिंबाजी हसला. "मीच की! रोज तुमी यायच्या आधी फेरी मारतो. बाहेर आली की दोन घाव. तपासणीवाल्यांसमोर तुमची मान खाली जाऊ नये म्हणून."

"किती यायच्या बाहेर?"

"आधी बोटभर. आता..." त्यानं वीत ताणून दाखवली. "रोज. खांदा लय दुखायलाय बघा."

महारुद्र धापा टाकत वर पळाला.

"मावशी, उठा! काठ जाणार हाय."

सरजाबाईनं भाकरी उलटली. "परवा तर पक्का व्हता. साहेबाचा काठ का वांगं हाय, दोन दिसात नासायला?"

"चुकलो मी. उठा, पाया पडतो."

त्याचं तोंड बघून ती उठली. म्हैस सोडली. पण आखाड्यामागं, रस्त्याच्या अलीकडं, म्हैस पाय रोवून उभी राहिली. पुढं जाईना. महारुद्रनं खाली बघितलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर आडवी भेग, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही कधीची?"

"झाला की महिना. रोज सारवते, रोज उकलती," सरजाबाई म्हणली.

भेग त्यांच्या आन् रस्त्याच्या मधी होती; सुटत चाललेल्या तुकड्यावरच ते उभे होते.

तेवढ्यात खालून आवाज आला. टण्. लिंबाजीला वर बोलवायचं तो इसरला होता. साहेब रागावले असं समजून म्हातारा सळया ठोकायला लागला होता. टण्. प्रत्येक घावाला भेगेतली माती आत गळत होती.