एका चेहऱ्याच्या दोघी

पाचव्या दिवशी सकाळी थोरलीने आरशात पाहिलं आणि दचकून मागे वळली. वाटलं, आपल्यामागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय. मागे कोणी नव्हतं. म्हणजे ते ध्यान आपणच! डोळ्यांच्या जागी दोन वांगी, त्यांच्या फटीतून डोकावणारी एवढीशी नजर, आणि जांभळेपणा ओघळून पार गालावर आलेला, कडेने पिवळा-हिरवा. डाव्या डोळ्याची सूज उजव्यापेक्षा जास्त होती. की उजव्याची? मलमाने सगळं धूसर, त्यात आरशातलं डावं-उजवं. कपाळ माझं, म्हणाली ती.

डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणा. पापण्यांवरची लोंबती कातडी काढली की सूज येणार, काळंनिळं होणार, दोन डोळे दोन तऱ्हेचे दिसणार; सहा आठवडे काही ठरवू नका. ऑपरेशनची हौस तिचीच होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांसमोर उभं राहायचं आणि ज्याने त्याने विचारायचं, "काय हो, झोप झाली नाही का?" एकदा-दोनदा ठीक आहे, रोज कोण ऐकून घेणार?

तर सुजेचं कळत होतं. कळत नव्हतं ते धाकटीचं.

धाकटी अकरा मिनिटांनी धाकटी. जुळ्या, आणि इतक्या सारख्या की लहानपणी ताप एकीला आणि औषध दुसरीला, असंही घरात झालेलं. पन्नाशी आली तरी घर एक, दुकान एक, केसांचा अंबाडाही एक. तो थोरलीने ठरवलेला. बहुतेक गोष्टी तीच ठरवायची. दुकानात गिऱ्हाइकांसाठी आरसे होते, पण या दोघी त्यांत कधी डोकावल्या नाहीत. नव्या फ्रेमची पेटी आली की एकीने फ्रेम घालायची, दुसरीने बघायचं. दोघींनी मान हलवली तरच फ्रेम मांडणीवर. समोर बहीण असताना आरसा हवा कशाला?

आणि आता तीच धाकटी तोंडाकडे बघेना. सेवेत कसूर म्हणाल तर नाव नको. बर्फाच्या पट्ट्या केल्या, उशांचा डोंगर रचला, थेंब वेळच्या वेळी घातले. पण मलम लावतानाही नजर स्वतःच्या बोटावर.

"कसं दिसतंय गं?"

"सूज आहे."

"ते मलाही कळतंय! बिघडलंय का काही?"

"सहा आठवडे थांब," म्हणून ती दूध तापवायला गेली.

थोरलीच्या डोक्यात चक्र सुरू झालं. एक तर डोळे बिघडलेत आणि ही लपवतेय. नाहीतर रागावलीय. आणि रागवेल नाही तर काय! हा चेहरा मला नको, असं मी म्हणाले. पण तोच चेहरा तिच्याही धडावर आहे की. हे डॉक्टरांकडे जायच्या आधी सुचायला काय झालं होतं? डोळे गेले खड्ड्यात. धाकटी तुटली तर माझं आहे कोण?

घरात बसवेना. मोठा काळा चष्मा चढवून ती दुपारी दुकानात गेली, तर नव्या फ्रेम मांडून तयार. काउंटरवर गिऱ्हाइकांचा आरसा धाकटीच्या बाजूला वळवलेला.

"कोणी बघितल्या?"

"मीच. आरशात. सात परत पाठवतेय," धाकटी पेटीला दोरी बांधत म्हणाली.

थोरली स्टुलावर बसली आणि नाक ओढत राहिली, कारण रडायला डॉक्टरांची मनाई होती.

सातव्या दिवशी टाके काढायला दोघी गेल्या. नर्स मोठी बोलकी. टाके काढून झाल्यावर तिने धाकटीला दंडाला धरून थोरलीशेजारी उभं केलं.

"वा! आता फोटोची गरजच नाही. हे आधी आणि हे नंतर!"

बाई गं, काय बोललीस! थोरलीने भीत भीत शेजारी पाहिलं. धाकटी हसत होती. तोंडदेखलं नाही, अगदी मनापासून. आता मात्र थोरलीचं डोकं चालेना. जिने चिडायचं तीच हसतेय?

बाहेरच्या बाकावर तिने धाकटीचा हात धरला.

"चुकलं माझं. तुला न विचारता आपलं तोंड बदलून बसले. शिव्या दे, पण माझ्याकडे बघ."

"मी रागावलेली नाही गं."

"मग सात दिवस बघत का नव्हतीस?"

धाकटी एका दमात म्हणाली, "मला आनंद झाला होता. पट्टी काढली तेव्हा तू माझ्यासारखी दिसत नव्हतीस. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तू तिथे कण्हत होतीस आणि मी मनात म्हणत होते, सुटले! लाज वाटली मला. तोंडाकडे बघितलं असतं, तर तुला कळलं असतं."

थोरलीला राग यावा की रडू, समजेना. सुटलीस? कशातून? माझ्यातून? मी काय तुरुंग होते? हे सगळं ओठांवर आलं. पण धाकटी आता सरळ तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचेही डोळे भरलेले.

"अगं, पण सूज उतरली की मी पुन्हा बरीचशी तुझ्यासारखीच दिसणार," थोरली कशीबशी म्हणाली.

"माहितीये. म्हणून मी केस कापणार आहे. अगदी बारीक. उद्याच."

"मग मीपण..." म्हणायला थोरलीने तोंड उघडलं. सवयच ती. धाकटीच्या हाताची पकड तिच्या बोटांवर घट्ट झाली.

थोरलीने तोंड मिटलं. मग म्हणाली, "काप. छान दिसेल तुला."