हिरव्या काठाचा मास्क

सोजराबाईचा जवाई असा मानकरी, की त्याला चहा देताना बशी आधी पदरानं पुसून द्यावी लागे. राजकुमार त्याचं नाव. राहणार तालुक्याला, उठबस गजेंद्रभाऊ नावाच्या पुढाऱ्याच्या मंडळात. फेब्रुवारीत कोरोना पुन्हा उसळला, तोंड बांधल्याशिवाय बाजारात यायचं नाही असा हुकूम निघाला, आणि सोजराबाईच्या गावच्या, उंद्रीच्या बचत गटाला या मंडळासाठी तीनशे निळे मास्क शिवायचं काम मिळालं. आता आपल्या जवायानं चारचौघांसारखाच मास्क लावायचा? अंहं! पोरीच्या, छायाच्या लग्नात नेसलेल्या लुगड्याचा हिरवा काठ सोजराबाईनं फाडला आणि एका मास्कला चारही बाजूंनी लावला. एका कोपऱ्यात टाके वाकडे गेले, पण शिलाई पक्की. मेलं कौतुकच ते!

पंधरा दिवसांनी तोच मास्क तिला पुन्हा दिसला, तेव्हा ती भाजीबाजारात मातीत पालथी पडली होती.

झालं असं, की तिचा नवरा तुळशीराम मेथीच्या जुड्या मांडून बसला होता. तीस वर्षं त्याची मेथी त्याच्या आवाजावर खपली. "घ्या मेथी, कवळी मेथी!" अशी आरोळी दिली की बाया पार चौकातून वळून यायच्या. आता तोंडावर फडकं बांधून आरोळी निघावी कशी? म्हणून तो आरोळीपुरता मास्क हनुवटीवर ओढायचा, ओरडायचा आणि पुन्हा वर करायचा. सोजराबाई बाजूला बसून सारखी "वर करा, वर करा" म्हणत होती.

तेवढ्यात मास्क तपासायच्या नावाखाली मंडळाची पोरं आली. पाच गाड्या, एकेकीवर तिघं. सरकारी माणसं पावती फाडून सोडून द्यायची. यांच्याकडे पावती नव्हती, बांबूचे दांडे होते.

"काऊन बे बुढ्या, मास्क कुठं हाये?"

"आता वर करतो ना बाप्पा," म्हणत तुळशीरामनं हात जोडले. पहिला दांडा त्या जोडलेल्या हातांवरच बसला. वाळलेली काडी मोडावी तसा आवाज आला. दुसरा खांद्यावर, तिसरा पाठीवर. मेथी बुटांखाली जाऊन तिचा लगदा झाला. सोजराबाई नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली, तर कुणीतरी तिला लाथेनं बाजूला लोटलं. भोवती दोनशे माणूस तोंड बांधून उभं होतं, पण एकाच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ.

तिनं मान वर केली. मारणाऱ्याच्या तोंडावर हिरवा काठ होता, आणि एका कोपऱ्यात टाके वाकडे होते.

तुळशीरामनंही डोळे ओळखले. भोळा माणूस, त्याला वाटलं सुटलो. "जवाईबापू," तो म्हणाला, "मी आहो ना, मी!"

देवा रे देवा! ते ऐकून दांडा थांबावा की नाही? पण मित्र ऐकत होते. मेथी विकणाऱ्या बुढ्याचा जवाई, हे दोस्तांत उघड झालं होतं. राजकुमारनं दात खाऊन आणखी चार दांडे ओढले, म्हाताऱ्याचं कपाळ फुटून रक्ताचे थेंब हिरव्या काठावर उडाले, तेव्हा कुठं गाड्या हलल्या.

तुळशीरामच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून संध्याकाळी दोघं घरी आले. सोजराबाई म्हणाली, "सकाळी ठाण्यात जाऊ."

"नाही जायचं."

"काऊन नाही? त्यानं ओळखून मारलं तुमाले."

"पोरगी त्याच्या घरात हाये," तुळशीराम म्हणाला. "आपून हितं तोंड उघडलं, तं तिथं तिचे हाल होतीन. हात काय, दीड महिन्यात जुळते. पोरीचा संसार मोडला तं कसा जुळल? तू काही पाहिलं नाही, म्याही नाही."

सोजराबाईनं चूल पेटवली. पोरीसाठी माणूस काय काय गिळत नाही! पण तिला रात्रभर डोळ्यांपुढे तो हिरवा काठ दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरसायकल दारात उभी राहिली. राजकुमार आणि मागे छाया. त्याच्या तोंडावर नवाकोरा पांढरा मास्क होता.

"मामा, कोण होते ते फक्त सांगा," बाजेवर बसत तो म्हणाला. "हात मुळासकट उपटतो एकेकाचे!"

तुळशीराम भिंतीकडे पाहत बोलला, "गर्दी होती. दिसलं नाही."

काय म्हणावं या निलाजऱ्याला! सोजराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण हात आपल्या सवयीनं चालले. तिनं चहा टाकला. पदरानं बशी पुसून जवायाला दिली. दुसरा कप छायापुढे धरला. छायानं मास्क काही काढला नाही.

"घरात कायले मास्क, बाई? घे चहा."

"नको, माय. उपास हाये."

"उपासाले चहा चालते, तुले माहीत नाही?"

छायानं नुसती नवऱ्याकडे नजर टाकली. ती नजर सोजराबाईच्या काळजात घुसली. सोजराबाईनं कप बाजेखाली ठेवला, पोरीला दंडाला धरून चुलीपाशी नेलं आणि तिच्या कानावरची नाडी ओढली.

खालचा ओठ मधोमध फाटला होता. हनुवटी काळीनिळी पडली होती. समोरचा एक दात नव्हता.

"काल त्याच्या मास्कवर रक्त होतं," छाया हळूच म्हणाली. "कोणाचं म्हणून इचारलं, तं म्हणे तुह्या बापाचं. मी म्हटलं, काऊन मारलं माह्या बाबाले? तं त्याच दांड्यानं..."

"कवापासून मारते तुले?"

"दिवाळीपासून." पोर जमिनीकडे पाहत राहिली. "मास्क आले ते बरंच झालं, माय. शेजारणीले काही सांगा लागत नाही."

सोजराबाईनं मागच्या दारातली कपडे कुटायची मोगरी उचलली.

बाहेर राजकुमार मास्क हनुवटीवर घेऊन बशीत चहा ओतत होता. पहिली मोगरी बशीवर आली. काच उडाली आणि मनगट खाली लोंबलं.

"मामी! डोकं फिरलं काय?"

"तू मारलं," सोजराबाई म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं जवायाला तू म्हटलं. "माह्या नवऱ्याले मारलं. माह्या पोरीचा दात पाडला. तुह्या तोंडाले म्या लुगड्याचा काठ लावला रे, नासक्या!"

तो उठला आणि साबूत हातानं त्यानं तिचा गळा धरला. ती भिंतीवर आदळली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा काल गप्प बस म्हणणारा तुळशीराम खाली बसला, डाव्या हातानं जवायाच्या गुडघ्यांना मिठी घातली आणि त्याला उताणा पाडला. मग मोगरी थांबली नाही. गुडघ्यावर, बरगड्यांवर, तोंडावर. राजकुमार गुरासारखा ओरडत होता. धुणं कुटताना ती मोजत नसे, आताही मोजलं नाही.

गल्ली गोळा झाली. तोंडं बांधलेली माणसं दारात दाटली. त्यांतले शेजारी भगवानराव पुढे आले. "सोजराबाई, सोड! जवाई हाये तो!"

"माहीत हाये," ती धापा टाकत म्हणाली. "कालही तोच होता."

तेवढ्यात छाया बाहेर आली. तिच्या तोंडावर मास्क नव्हता. सगळ्यांनी ते तोंड पाहिलं. भगवानराव दोन पावलं मागे सरले आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले.

राजकुमार कुशीवर वळला. तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला, "छाया, चल. गाडीवर बस."

छाया बापाशेजारी जमिनीवर टेकली. बाजेखालचा कप अजून उभाच होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून ओठाला लावला. फाटल्या ओठाला चहा झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"माय," रिकामा कप पुढे करत ती म्हणाली, "आणखी हाये काय?"