शिंप्याचं ‘आय विल’

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणून कधी म्हटलं नाही. कापडाला कात्रीही लागलेली नसली तरी बेधडक सांगायचे, "उद्या या." माणसं चरफडत परत जायची आणि पुन्हा यायची.

हाच माणूस परवा माझ्यासमोर वही घेऊन बसला. आमची नात परदेशात वाढलेली, सात वर्षांची, फक्त इंग्रजी बोलते. फोनवर ‘हॅलो, हाऊ आर यू’च्या पुढे आजोबांची गाडी जात नाही. मी शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची बाई.

"सोपं आहे हो. ‘विल’ लावायचं आणि पुढे क्रियापद जसंच्या तसं. आय असो, शी असो, काही बदलत नाही."

त्यांनी दहा वाक्यं लिहिली. दहाही एकच: आय विल गिव्ह टुमॉरो. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

"आता नकार. लिहा, आय विल नॉट कम."

पेन थांबलं. नातीच्या वाढदिवसाला जायचं ठरलं होतं, पण ह्यांच्या हृदयाचं दुखणं बघून डॉक्टरांनी विमानाला साफ मनाई केली होती. पोरीला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यापेक्षा ‘आय विल कम’ म्हणतो गं. खूश होईल. नंतरचं नंतर बघू."

माझं डोकंच फिरलं. "गिऱ्हाईक शिव्या देऊन परत येतं. ती दारात वाट बघत बसेल!"

रविवारी सकाळी फोन लागला. तिनं पहिलंच विचारलं, "विल यू कम?"

ह्यांनी माझा हात घट्ट धरला. "आय विल नॉट कम."

मला रडू आवरेना. मग पलीकडून बारीक आवाज आला, "विल यू मेक माय फ्रॉक?"

"आय विल."

"व्हेन?"

चाळीस वर्षांची सवय ह्यांच्या ओठांवर आलेली मला दिसली. ती त्यांनी गिळली.

"टुडे."

फोन ठेवून थेट मशीनवर बसले. जेवायलाही उठेनात. संध्याकाळी फ्रॉक हातात घेतला तर खालची दुमड चांगली वीतभर.

"एवढं कापड आत कशाला?"

"पोर वाढेल. दर वर्षी थोडं उसवायचं. मी असलो-नसलो तरी चार वर्षं पुरेल." मग वही माझ्यापुढे सरकवली. "हे इंग्रजीत कसं लिहायचं, सांग. चिठ्ठी सोबत जाऊ दे."

मी सांगायला लागले, पण पहिल्याच ‘विल’पाशी माझा आवाज गेला.