काळ्या कापडाखालची वाढ

काचघरापुढे माणसांची रीघ लागली होती. आत टोमॅटोची रोपं आठवड्यात दुप्पट उंच झाली होती, तीही रोपांसाठी लावलेले दिवे बंद ठेवून. दादा पट्टी लावून प्रत्येकाला उंची दाखवत होता. दुकान विकून त्याने नुकतंच काचघर घेतलेलं. रोप उंच म्हणजे रोप चांगलं, एवढंच त्याला कळत होतं.

काचेवर काळं कापड घालायला लावणारे चमत्कारी बाबा खुर्चीत बसले होते. "दिवे जाळून वीज कंपनीचं घर भरायचंय का? तेज माझ्या नजरेत आहे. कापड एवढ्यासाठीच, की ते बाहेर सांडू नये."

तेज म्हणजे जणू उतू जाणारं दूध. बिल कमी आलं हाही म्हणे चमत्कार. दिवे बंद करून बिल वाढलं असतं, तर मीच पाया पडले असते.

पण मला हसू येत नव्हतं. माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, फिट येतात, गोळ्या चालू आहेत. आज पहाटेच बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "झाडं दिव्यावाचून वाढली, तशी ही गोळ्यांवाचून वाढेल. उद्यापासून बंद." दादाने मान डोलावली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्याच दिवशी संशय आला, म्हणून त्यातलीच थोडी रोपं मी माझ्या घरी कपाटात ठेवली होती. ती आणून शेजारी मांडली. ती काकणभर जास्तच उंच होती.

"यांच्यावर कोणाची नजर पडली?" मी विचारलं.

"कृपा दुरूनही पोहोचते," बाबा म्हणाले.

"काचेतून सांडणारं तेज बंद कपाटात बरं शिरलं."

मागे कोणीतरी हसलं. मी दादाकडे वळले. "उजेड नसला की रोप तो शोधायला ताणतं. त्यात बंद जागेतली ऊब, मग आणखीच. ही वाढ नाही दादा, उपासमार आहे. खोड धरून बघ."

दादाने धरलं. पांढुरकं खोड मोडलं. दुसरंही मोडलं. बाबा "श्रद्धा कमी पडली" म्हणत उठले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

दादा कापड ओढून काढू लागला. "काही वाचतील?"

"थोडी. पोरीच्या गोळ्या मात्र बंद करू नकोस."

मागे उभी असलेली वहिनी हळूच म्हणाली, "उद्यापासून सांगितलं होतं. ह्यांनी आज सकाळचीच गोळी दिली नाही."

मी पाणी आणलं. गोळी गिळेपर्यंत आम्ही तिघं तिच्यासमोरून हललो नाही.

कोणी चमत्कार दाखवला, तर ज्यावर तो केलेला नाही असं एक रोप शेजारी ठेवून बघा. आणि औषध कोणाच्या शब्दावर थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. रोपं पुन्हा लावता येतात.