योसेफाची जागा

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये येशूजन्माची गव्हाणी मांडायची, आणि गेली सात वर्षं त्या गव्हाणीत योसेफ नव्हता.

मरिया होती, बाळ होतं, तीन मेंढपाळ होते, पूर्वेकडचे तीन मागी, म्हणजे ज्ञानी, होते, गाढव होतं, एक शिंग मोडलेला बैल होता. मरियेच्या उजव्या हाताला मात्र वीतभर जागा मोकळी. नव्यानं आलेलं एखादं पोर हटकून विचारायचं, "बाळाचे बाबा कुठे गेले?" आणि त्याची आई त्याला हळूच चिमटा काढायची, कारण पुढच्याच बाकावर कुलूपवाले बसलेले असायचे.

ही लाकडी माणसं मंडळीच्या घराघरांत राहायची. फार पूर्वी चर्चच्या कोठीला वाळवी लागली आणि तिनं दोन उंट फस्त केले. इथले मागी तेव्हापासून पायीच येतात. मग मंडळीनं ठरवलं, एकेका घरानं एकेक सांभाळायचा, वर्षभर पुसायचा, जपायचा. ज्याच्या नावावर जो, त्यानंच तो स्वतःच्या हातानं आणायचा. एकदा एका शहाण्यानं बैल शेजाऱ्याच्या हाती पाठवला आणि बैलाचं शिंग गेलं. त्या दिवसापासून नियम पक्का झाला.

योसेफ कुलूपवाल्यांच्या घरी असायचा. मुलीचं दृढीकरण होऊन ती मंडळीची पूर्ण सभासद झाली तेव्हा पाळकसाहेबांनी वहीत तिचं नाव घातलं, आणि तेव्हापासून योसेफ तिचा. दरवर्षी ती त्याला जुन्या रुमालात गुंडाळून छातीशी धरून आणायची. आई म्हणायची, "अगं, जरा श्वास घेऊ दे त्याला."

पुढे मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. आई आजारी पडली आणि आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्याच आठवड्यात गेली. मुलीचा निरोप आला, "निघते आहे, उद्या पोचते, तोवर थांबा." कुलूपवाले थांबले नाहीत. दुखणं लांबलं होतं, माणूस थकला होता, सगळे जमले होते, खड्डा खणून झाला होता. मुलगी आली तेव्हा मातीवरची फुलंसुद्धा सुकायला लागली होती.

"एक दिवस थांबला असतात, बाबा," ती म्हणाली.

"तू आधी यायचं होतंस," ते म्हणाले. "आई काय तुझ्या रजेची वाट बघत बसणार होती?"

बोललेला शब्द आणि सुटलेला बाण. मुलीनं बॅग भरली. कपाटातला योसेफ रुमालात गुंडाळला, कारण तो तिच्या नावावर होता, आणि गेली. त्याच दुपारी रागाच्या भरात कुलूपवाल्यांनी घराच्या दाराचं कुलूप बदललं. हातचंच काम, अर्धा तासही लागला नाही.

चौथ्या दिवशी राग उतरला, तसं त्यांनी जुनं कुलूप परत बसवलं. महिन्याभरानं मेहुणीनं, म्हणजे मुलीच्या मावशीनं, सांगितलं, "दुसऱ्या दिवशी ती परत आली होती, भावजी. तुम्ही दुकानात होता. किल्ली लावून बघितली. लागेना. पायरीवर थोडा वेळ बसली आणि गाडीला गेली."

कुलूपवाले म्हणजे गावभरची अडलेली कुलपं उघडणारा माणूस. पण हे कुठून उघडायचं ते त्यांना कळलं नाही. पत्र लिहायला बसावं तर पहिल्या ओळीपाशीच हात थांबायचा. मग त्यांनी एका गोष्टीवर भिस्त ठेवली. योसेफ तिच्याकडे आहे. नियम आहे. कधी ना कधी तिला तो हातानं आणावाच लागेल. दर आगमनकाळात चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लागली की ते दुकानाच्या दाराकडे तोंड करून बसायला लागायचे. एरवी पाठ दाराकडे असायची, उजेड हातावर पडावा म्हणून.

या वर्षी सुतार दुकानात आला. मंडळीच्या वडीलधाऱ्यांपैकी एक, कुलूपवाल्यांचा बालमित्र आणि तोंडानं फटकळ.

"सभेत ठरलंय," स्टूल ओढत तो म्हणाला. "नवा योसेफ करायचा. काम माझ्याकडे आलंय."

कुलूपवाल्यांनी कानस खाली ठेवली नाही. "गेल्या वर्षी म्हणालात, एक वर्ष थांबू."

"त्याच्या आदल्या वर्षीही तेच म्हणालो. अरे, बाळ जन्माला येतंय आणि बापाचा पत्ता नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक खऱ्या योसेफाच्या वेळीही म्हणतच होते."

सुतार खो खो हसला. मग त्यानं आवाज खाली आणला. "लाकूड दोन वर्षं पडून आहे रे माझ्याकडे. मी हात लावत नव्हतो. पण आता सभेनं सांगितलं. आणि शेवटी योसेफही सुतारच, माझ्याच धंद्यातला माणूस. मी नाही तर कोण करणार?"

"कर," कुलूपवाले म्हणाले. "नाक मात्र तुझ्यासारखं करू नकोस."

सुतार गेल्यावर त्यांनी हातातली किल्ली पाहिली. बोलता बोलता खाच जास्त खोल गेली होती. किल्ली वाया गेली.

नाताळाला आठ दिवस राहिले असताना पार्सल आलं. हातभर लांब खोका, वर मुलीचं अक्षर. ते अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं. त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि खोका उघडला.

आत कागदाच्या बोळ्यांत योसेफ. तपकिरी अंगरखा, खांद्यावरचा रंग उडालेला, हातात काठी. सोबत चिठ्ठी: "मावशीनं कळवलं, नवा करताहेत. मंडळीची वस्तू मंडळीला पोचावी."

चिठ्ठी एवढीच. बाबा नाही, काही नाही.

सात वर्षं योसेफ यावा म्हणून माणूस झुरला, आणि योसेफ आला तसा त्यांना खोका पुन्हा बंद करावासा वाटला. जोवर तो तिच्याकडे होता, तोवर तिला यायला एक कारण होतं. आता तेही तिनं खोक्यात घालून परत केलं होतं.

त्यांनी मेहुणीला गाठलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं कळवायला?"

"भावजी, मला वाटलं, जागा जाते आहे म्हटल्यावर ती धावत येईल." मेहुणीनं पदर डोळ्यांना लावला. "माझंच चुकलं."

"तुमचं नाही," ते म्हणाले. "थांबला नाही तो मी."

घरी येऊन त्यांनी योसेफ दिव्याखाली धरला. काठीच्या टोकाला बारीक खळगे होते. आधी वाटलं, वाळवी. मग कामाचं भिंग डोळ्याला लावलं. जन्मभर किल्लीचे दात वाचलेला माणूस. त्यांनी खळगे मोजले. वर चार, खाली दोन. चिमुकले, एकमेकांना लागून. कुणीतरी ही काठी तोंडात धरून मनसोक्त चावली होती. कुणाचे तरी दात येत होते तेव्हा.

बराच वेळ ते त्या खळग्यांवरून अंगठा फिरवत बसले. एकदा त्यांनी हाकही मारली, बायकोला. "ऐकलंस का गं?" घरात कुणी नव्हतं.

रविवारी चर्च भरलेलं. वहीत बघून पाळकसाहेब एकेक नाव घेत होते आणि जो तो आपापलं माणूस आणून मांडत होता. शेवटी सुतार उठला. त्याच्या हातात फडक्याखाली काहीतरी होतं. तेवढ्यात कुलूपवाले पुढे गेले आणि त्यांनी योसेफाभोवतीचा आपला रुमाल सोडला.

"आला!" कुणीतरी ओरडलं. ऑर्गनवाल्या बाईंनी तर आनंदानं दोन सूर वाजवूनही टाकले.

"मांडा, मांडा," पाळकसाहेब म्हणाले.

कुलूपवाले मोकळ्या जागेपाशी उभे राहिले. हात पुढे झाला आणि तिथेच थांबला.

"पाळकसाहेब, वहीत नाव कुणाचं आहे?"

पाळकसाहेबांनी पान उलटलं. "तुमच्या मुलीचं."

"मग हा मी मांडू शकत नाही. ज्याच्या नावावर, त्यानं हातानं आणायचा. हा टपालानं आलाय."

"अहो, बैलाच्या शिंगासाठी केलेला नियम तो!" मागून एक जण म्हणाला. "आता काय त्याला आकाशवाणी मानायची?"

काही जण हसले. कुलूपवाल्यांना हसू आलं नाही. "एकदा मला एक दिवस थांबा म्हटलं होतं," ते म्हणाले. "मी थांबलो नाही. आता थांबायला शिकतोय. मंडळीनं मला आणखी एक वर्ष द्यावं. हा मी तिला परत पाठवतो. तिचा आहे, तिनंच आणावा."

पाळकसाहेबांनी सुताराकडे पाहिलं. "तुमचा योसेफ तयार आहे ना?"

सुतारानं फडकं जरा उचललं, आत पाहिलं आणि परत झाकलं. "छे, कुठला. नाक व्हायचंय अजून."

फडक्याच्या फटीतून नाक सगळ्यांना दिसलं होतं. पुरतं झालेलं, आणि थेट सुताराचंच.

"नाक नसलेला योसेफ कसा मांडायचा?" पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी वही मिटली. "गीत घेऊ या."

मरियेच्या उजव्या हाताची जागा याही वर्षी मोकळी राहिली.

त्या दुपारी कुलूपवाले चिठ्ठी लिहायला बसले. चार कागद फाडले. पाचव्यावर जे उतरलं ते असं: "मी एक दिवस थांबायला हवं होतं. चुकलो. योसेफ तुझ्या नावावर आहे, तो मंडळीला टपालानं चालत नाही. काठी ज्यानं चावली त्यालाही आण. दाराला जुनंच कुलूप आहे. तुझी किल्ली लागते."

सोमवारी दुकान उघडण्याआधी ते टपाल कचेरीत गेले. योसेफ बायकोच्या शालीत गुंडाळलेला होता. खिडकीतल्या बाईंनी खोका काट्यावर ठेवला.

"आत काय आहे, आजोबा?"

"माणूस आहे. लाकडाचा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का उचलला. "घेणारं कुणी भेटलं नाही तर? परत तुमच्याच पत्त्यावर पाठवू ना?"

कुलूपवाल्यांनी खोक्यावरची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. मागे रांग चुळबुळ करत होती.

"तुम्ही नका पाठवू," ते म्हणाले. "आणणारी आहे त्याला."